लेकरांच्या मापाचा नाताळ

'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. सगळे दिसत असून न दिसल्यासारखे करायचे, कळत असून न कळल्याचा आव आणायचा, त्याला आपण असे म्हणतो. मी मात्र खरोखरीच पेडगावला गेले, आणि तेही शिक्षिका होऊन. महाराष्ट्रात या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. भीमेच्या काठचे, श्रीगोंदे तालुक्यातले किल्ल्याचे पेडगाव इतिहासात गाजलेले आहे. माझे पेडगाव ते नव्हे. माझे पेडगाव परभणी जिल्ह्यातले. परभणीहून मानवत रोडकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे, काळ्या जमिनीचे, ज्वारीचे, कापसाचे आणि तुरीचे. बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा आमच्या जुन्या शाळेतले एक गुरुजी म्हणाले, "बाई, जाताना वेड पांघरायला विसरू नका बरं का!" सगळे हसले, मीही हसले. पण त्या थट्टेच्या म्हणीत लहान लेकरांच्या आईसाठी केवढे शहाणपण भरले आहे, हे त्या गावात केलेल्या दोन नाताळांनी मला शिकवले. त्या दोन नाताळांची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

आमचे घराणे मराठी ख्रिस्ती, माझे माहेर जालन्याचे. जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात ती वसवली. तेव्हा मराठवाड्याच्या मातीत नाताळ काही काल-परवा आलेला नाही. नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ 'जन्म' एवढाच. आपल्याकडे गोकुळाष्टमीला पाळणा हलतो, रामनवमीला दुपारी बाराला पाळण्याची दोरी ओढली जाते, तसाच हा येशूच्या जन्माचा सण. बायबलात या जन्माची तारीख दिलेली नाही. २५ डिसेंबर या दिवसाची रोममधली जुनी नोंद इसवी सन ३३६ सालची आहे. म्हणजे पाहा, बाळ आधी आले, तारीख मागाहून आली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

माझ्या लहानपणीचा नाताळ हा असाच साधा होता. घराला चुन्याचा हात, दारावर कागदी तारा आणि रात्री टाळ-मृदंगावर भजने. ही भजने आमच्या घरात आणली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. त्यांचा जन्म १८६१ सालचा. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. परदेशी चालीवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांपेक्षा अभंग, ओवी आणि कीर्तन हीच आपल्या माणसाची प्रार्थनेची वाट आहे, असे त्यांनी मानले आणि तशी पदे रचली. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेक शिक्षकांनी वाचली असतील. पोटच्या मुलांबरोबर परक्यांची मुलेही त्या घरात वाढली. जिथे मुले पुष्कळ आणि पैसा बेताचा, तिथे सण कसा असेल? गाण्याचा, गप्पांचा आणि असेल ते वाटून खाण्याचा. पण ही गोष्ट मला पुस्तक वाचून कळली नाही. मला कळायला थोबाडीत बसावी लागली. आणि ती मला नाही बसली, माझ्या लेकीला बसली.

ते सांगते.

पेडगावला मी रुजू झाले तेव्हा थोरली मुलगी पाच वर्षांची होती, धाकटा दोन वर्षांचा. ह्यांची नोकरी परभणीला, रोजची ये-जा. सासूबाई आमच्याजवळ होत्या. गावात आमचा हा पहिलाच नाताळ. मनात आले, शेजारीपाजारी पाहतील, शाळेतले लोक येतील, आपला सण कसा नीटनेटका दिसला पाहिजे! झाले. शाळा सुटली की मी घर काढायला लागे आणि रात्री कढई चढवी. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, चकल्या, अनारसे. म्हणाल तो पदार्थ मी त्या आठ दिवसांत केला. कपडे चौघांचे नवे, सासूबाईंना लुगडे, तेही सगळे उधारीवर. मुले मध्ये आली की 'सरक', हात लावला की 'ठेव', विचारले की 'मग सांगते'. त्या आठ दिवसांत लेकरांशी मी याहून जास्त काही बोलले असेन असे मला वाटत नाही.

चोवीस तारखेच्या रात्री शेवटच्या करंज्यांचे ताट भरून ठेवले होते. थोरलीला वाटले, आईला मदत करावी. तिने ते ताट दोन्ही हातांनी उचलले आणि आतल्या खोलीत निघाली. उंबऱ्याला पाय अडला, ताट पालथे झाले. करंज्या मोरीपर्यंत गेल्या. मी उठले आणि तिच्या थोबाडीत मारली.

ती रडली नाही. रडली असती तर मी जवळ घेतले असते. ती तशीच भिंतीला टेकून उभी राहिली आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आई, नाताळ कधी संपणार?"

श्रोतेहो, काय सांगू! सणाच्या आदल्या रात्री सण कधी संपणार म्हणून विचारणारे लेकरू ज्या घरात आहे, त्या घरात सण आलाच नाही असे म्हणायचे. पण त्या रात्री मला हेही सुचले नाही. पहाटे चारला मुलांना उठवून, त्या बोचऱ्या थंडीत आंघोळी घालून, कडक नवे कपडे चढवून आम्ही पहिली गाडी धरली आणि जालना गाठले. का, तर पंचवीस तारखेच्या उपासनेला माहेरच्या चर्चमध्ये हजर असलेच पाहिजे. उपासना सुरू झाली तशी थोरली बाकावरच झोपली. धाकट्याला ताप भरला. सारी उपासना मी व्हरांड्यात त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालण्यात काढली. आतून भजनाचा आवाज येत होता, बाहेर माझे बाळ कण्हत होते. रात्री उशिरा पेडगावला परतलो.

दुसऱ्या दिवशी सासूबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "सूनबाई, ज्याच्या जन्माचा सण, तेही लेकरूच होतं ना? मग लेकराला सोसंल एवढाच कर की."

मला राग आला. इतके राबून हे ऐकायचे! मी काही बोलले नाही. पण खरे बोललेले कानातून निघत नाही. शिमग्यापर्यंत कपड्यांची उधारी फिटली. सासूबाईंचे वाक्य मात्र वर्षभर मनात राहिले.

पुढच्या वर्षी मी ठरवले की नाताळ लेकरांच्या मापाने शिवायचा. आपण आपल्या मापाचा सदरा लेकराला घातला तर ते अडखळून पडते आणि वर आपणच म्हणतो, 'नीट चालता येत नाही का?' तसे आता करायचे नाही.

पहिली गोष्ट केली ती अशी, की सण एका दिवसात कोंबायचा नाही. आमच्या परंपरेतच त्याची सोय आहे. नाताळाच्या आधीचे चार रविवार आगमनाचे, म्हणजे वाट पाहण्याचे मानतात. नाताळानंतर ६ जानेवारीला, पूर्वेकडचे मागी लोक बाळाच्या भेटीला आले त्याचा सण येतो. म्हणजे जवळजवळ सहा आठवडे हाताशी आहेत, आणि आम्ही सगळे ओझे एका पंचवीस तारखेच्या डोक्यावर देतो! मी कामे वाटून टाकली. एका रविवारी तारा, एका रविवारी गोठा, एका रविवारी फराळ. उपासनेसाठी जालन्याला जायचे ते नाताळानंतरच्या रविवारी, दिवसाच्या गाडीने, मुलांची झोप झाल्यावर. पंचवीस तारखेला घरीच राहायचे. बाळ आधी आणि तारीख मागाहून, असे मी म्हणाले ते याचसाठी.

गोठ्याची हकीकत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. येशूचा जन्म झाला तेव्हा उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून आईने बाळाला कपड्यांत गुंडाळून गव्हाणीत ठेवले, अशी कथा आहे. इटलीत ग्रेचिओ नावाच्या खेड्यात संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून हा देखावा उभा केला, म्हणजे साध्या माणसांना ती रात्र डोळ्यांनी दिसावी. आपण शिक्षक ज्याला शैक्षणिक साधन म्हणतो, तेच हे. आपल्याकडे वसईच्या ख्रिस्ती गावांतून असे गोठे नाताळात मोठ्या हौसेने उभारतात. जालन्याला आम्ही पुठ्ठ्याचा गोठा करत असू. पेडगावला पुठ्ठा कशाला? अंगणात काळी माती होती, आणि पोळ्याला मातीचे बैल करून हात बसलेली पोरे होती.

मी माझ्या दोघांना घेऊन माती मळायला बसले तसे शाळेतले चार-पाच जण कुंपणापाशी जमले. थोड्याच वेळात आत आले. मी गव्हाण म्हणून एक चौकोनी पाळण्यासारखे काहीतरी करत होते. चौथीतला एक मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याला राहवेना. "बाई, गव्हाण अशी नसती. बैलाची मान किती वाकंल? अन् दावं कुठं बांधायचं?" त्याने ती माझ्या हातातून घेतली, उंच केली, पुढे खुंटा ठोकला आणि शेजारी वैरणीचा ढीग केला. दुसऱ्याने घरून ज्वारीचा कडबा आणला आणि बोटभर तुकडे करून छपरावर घातले. मेंढरे झाली, मेंढपाळ झाले. त्यांच्या डोक्याला पटके आले आणि खांद्यावर घोंगडी आली. बेथलेहेमचे मेंढपाळ आमच्या गावाकडच्या धनगरांसारखे दिसू लागले. माझ्या धाकट्याने मातीचा एक गोळा केला आणि तो बैल आहे असे जाहीर केले. त्याला पाय नव्हते, शिंगे नव्हती. "बसलेला बैल हाय," असे त्या चौथीतल्या मुलाने गंभीरपणे सांगितले, आणि तो गोळा मानाने गव्हाणीजवळ बसला. मी आदल्या वर्षीची बाई असते तर तो गोळा गुपचूप मोडून नवा बैल केला असता. आता मी वेड पांघरले.

त्या पोरांत तिसरीतली एक मुलगी होती. तिचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. दसरा-दिवाळी झाली की आमच्या मराठवाड्यातून हजारो कुटुंबे कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळा लागताना परततात, हे आपल्याला मी सांगायला नको. काही लेकरे बरोबर जातात, काही आजीपाशी मागे राहतात. ही मागे राहिलेली. तिने विचारले, "बाई, ही बाळंतीण गोठ्यात कामून ठेवली?"

मी सांगितले, "सरकारनं शिरगणती काढली होती. प्रत्येकानं आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचं होतं. हिचे दिवस भरलेले, तरी लांबचा प्रवास करावा लागला. तिथं पोचले तर मुक्कामाला जागाच नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझा भाऊ पण तसाच झाला. कारखान्यावर, कोपीत. तवा पण लई थंडी होती." आणि तिने छपरावरचा थोडा कडबा काढून मातीच्या बाळाच्या भोवती नीट खोचून लावला.

श्रोतेहो, तीस-चाळीस नाताळांची प्रवचने मी ऐकली आहेत. गव्हाणीचा अर्थ त्या दिवशी जसा कळला तसा कधी कळला नाही. आणि मनात आले, आदल्या वर्षी ही मुलगी दारात आली असती तर? मी कढईपुढून न उठताच 'मग ये' म्हटले असते. जागा नाही असे सांगणारी ती उतारशाळा माझ्याच घरात होती.

फराळाचेही असेच झाले. पाच पदार्थांऐवजी दोनच करायचे ठरवले: करंज्या, आणि मुलांना करता येतील असे कलकल. गोव्यात, मुंबईत आणि वसईकडे नाताळात हा पदार्थ करतात. मैदा आणि थोडा रवा, तूप, साखर, नारळाचे किंवा साधे दूध घालून घट्ट भिजवायचे. सुपारीएवढी गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि गुंडाळी करत सोडवून घ्यायची. नक्षीदार शंख होतो. गोव्यात याला किडे म्हणतात, आणि हे नाव सांगितले की मुले खिदळत कामाला लागतात. तळायचे काम मोठ्यांचे, वळायचे लेकरांचे. आमच्या घरी त्या दिवशी शंख थोडे झाले आणि गांडुळे, गोगलगायी व काही ओळखू न येणारे प्राणी पुष्कळ झाले. मैदा जमिनीवर सांडला, धाकट्याच्या केसांत गेला. मी म्हटले, जमीन पुसता येते, केस धुता येतात. तळल्यावर सगळे सारखेच गोड लागते.

चोवीस तारखेला संध्याकाळी ताऱ्यात दिवा लावला, सासूबाईंनी जन्माची कथा सांगितली, दोन भजने झाली. टाळ थोरलीच्या हातात दिले. ते तालात वाजले असे मी म्हणणार नाही. पावणेआठला मुले झोपली. मी त्यांना उठवले नाही. पंचवीस तारखेला ती आपोआप जागी झाली, उन्हात बसून दूध प्याली आणि तशीच पारोशी गोठ्यापाशी गेली. आंघोळ नऊला झाली. जेवायला कोंबडीचे कालवण, भाकरी, भात आणि शेवयांची खीर. भेट प्रत्येकी एकच. थोरलीला चित्रांचे पुस्तक, धाकट्याला लाकडी गाडी. मागी लोकांनी सोने, ऊद आणि गंधरस या तीनच वस्तू आणल्या होत्या, आणि मेंढपाळांनी काही आणल्याचा कथेत उल्लेखही नाही. ते रात्रीचे धावत आले आणि बाळाला पाहून आनंदाने परत गेले, एवढेच. रिकाम्या हाताने आलेला पाहुणासुद्धा या सणात पहिला मानकरी आहे, हे आपण विसरतो.

दुपारी ती तिसरीतली मुलगी आली, पोटभर जेवली, आणि जाताना म्हणाली, "आजीला न्यू का?" तिच्या हाती ताट झाकून दिले. गोव्याकडे नाताळच्या फराळाची ताटे शेजारी धाडण्याची रीत आहे. आपल्याकडे दिवाळीत तेच करतो. पण ते ताट धाडायला मी त्या वर्षी मोकळी होते, दारात उभी राहून दोन शब्द बोलायला मोकळी होते. आदल्या वर्षी पाच पदार्थ होते आणि हे नव्हते.

आता कोणी म्हणेल, बाई, हा आळसाला दिलेला मोठेपणा झाला. सण म्हटला की कष्ट आलेच. माझे म्हणणे असे की कष्टाला माझी ना नाही. पण कष्ट कोणासाठी ते पाहावे. लोकांना दाखवण्यासाठी केलेल्या कष्टाचे बिल शेवटी लेकरांच्या गालावर फुटते. लहान मुलाला फार थोडे लागते. वेळेवर झोप, वेळेवर जेवण, हाताला काहीतरी काम आणि न चिडलेली आई. चार वर्षांच्या मुलाला पाच पदार्थांतला फरक कळत नाही. आईचा आवाज चढलेला मात्र लगेच कळतो.

आणि ही गोष्ट एकट्या नाताळाची नाही. लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या घ्या. मार्गशीर्षातली ही अवस, तीही नाताळाच्या मागेपुढेच येते. घरातले सारे शेतात जातात, भज्जी आणि आंबील घेऊन झाडाखाली पंगत बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून वाढतात, आणि पोरे दिवसभर हरभऱ्याच्या रानात उंडारतात. कोणी त्यांना 'कपडे मळतील' म्हणत नाही. म्हणून तर मोठेपणी ती येळवस विसरत नाहीत. दिवाळी असो, ईद असो, घरातल्या सर्वांत लहान माणसाला सोसेल तेवढी ठेवली तर सर्वांनाच सोसते.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. हेच दिवस शाळांच्या स्नेहसंमेलनांचे. पहिली-दुसरीची मुले तोंडाला रंग फासून दुपारपासून बसलेली असतात. पाहुणे उशिरा येतात, भाषणे लांबतात आणि यांच्या नाचाची पाळी येईतो रंग ओघळलेला असतो, डोळे मिटत असतात. त्यांचा नाच आधी ठेवा, भाषणे मागाहून ठेवा. एखादा चुकला, एखादा स्टेजवर उभा राहून आईकडेच पाहत राहिला, तर आपण वेड पांघरावे. गोठ्यातला तो पाय नसलेला बैल आठवावा.

आयांना तर मी हात जोडून सांगते. सणाच्या दिवशी एकदा तरी मुलांबरोबर पंगतीत बसा. वाढणारी आई मुलांना रोजच दिसते. शेजारी बसून जेवणारी आई हीच त्यांना सणाची खूण वाटते. आणि वडीलमंडळींनी त्या दिवशी उठून वाढले तर काही बिघडत नाही. आमच्याकडे ह्यांनी त्या वर्षी पहिल्यांदा खीर वाढली. सांडली थोडी. पण मी पाहिले नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. सासूबाई राहिल्या नाहीत, मी निवृत्त झाले. त्या थोबाडीतल्या माराचे मी लेकीजवळ एकदा नाव काढले. ती म्हणाली, "मला नाही बाई आठवत. मला तो कडब्याचा गोठा आठवतो." तिला आठवत नाही हे देवाचे देणे, मला आठवते हे माझे ऋण.

आज तिलाही तीन वर्षांचा मुलगा आहे. ती शहरात राहते. तिथल्या बाजारात प्लास्टिकची झाडे, लाल टोप्या, विजेच्या माळा, सारे मिळते, आणि शेजाऱ्यांच्या घरचे फोटो मोबाइलवर येऊन पडतात. परवा तिचा फोन आला. आवाज दमलेला होता. मागे मुलगा रडत होता. "आई, अजून काहीच झालं नाही गं. घर तसंच, फराळ तसाच. काय काय करू सांग."

मी म्हटले, "काही करू नकोस. आधी त्याला उचलून घे. माती मी मळून ठेवते, कडबा मिळतोच आहे. तू वेड पांघर, आणि पेडगावला ये."